पुढं लावलेलं घड्याळ

आई, तुझ्या नातीला घड्याळ घेतलं. सांगायचं एवढंच होतं, पण एवढ्यावर भागणार नाही म्हणून कागद घेऊन बसलोय. तुला वाचता येत नव्हतं, तेव्हा तू असतीस तरी हे मलाच तुला वाचून दाखवावं लागलं असतं, आणि पहिल्याच ओळीवर मला थांबवून तू विचारलं असतंस, कितीला पडलं. खरा आकडा ऐकून दोन दिवस माझ्याशी बोलली नसतीस. म्हणून आकडा राहू दे, बाकीचं सांगतो.

तू गेलीस तेव्हा ही तुझ्या पदराला धरून गोठ्यात यायची आणि शेणाच्या पाटीत पाय घालायची. आता दहावीला आहे, उंचीला माझ्या खांद्याच्या वर गेली. नगरला आता अहिल्यानगर म्हणायचं, पाट्याही बदलल्या, पण सुप्याच्या स्टँडवर कंडक्टर अजून नगर, नगर असंच ओरडतो, त्यामुळे तुला फारसं परकं वाटायचं नाही. जानेवारीत तिची सराव परीक्षा झाली. बाकी सगळं ठीक होतं, भूमितीत मात्र शेवटचा प्रश्न कोरा. तो तिला येत नव्हता असंही नाही, घरी आल्यावर तिने तो माझ्यासमोर वहीच्या मागच्या पानावर घडाघडा सोडवून दाखवला. पालकसभेत तिच्या बाईंनी सांगितलं की पोरीला येतं सगळं, पण वेळेत होत नाही. मग आठ दिवस घरात तोच विषय. तुझी सून म्हणाली, ही अंघोळीलासुद्धा तासभर लावते, तर पेपरला का नाही लावणार. मीही कमी बोललो नाही. ती आधी भांडली, मग रडली, आणि मग एके दिवशी ताटावर बसून अगदी साध्या आवाजात म्हणाली, "जाऊ द्या ना पप्पा, मी स्लोच आहे." स्लो म्हणजे मंद, आई. मी हातातला घास परत ताटात ठेवला. मार्कांचं पुढे बघता आलं असतं, पण पंधराव्या वर्षी एखादीने स्वतःबद्दल असं ठरवून टाकलं की पुढे ती तसंच वागायला लागते. कंपनीत अशी माणसं मी रोज बघतो.

बाईंनी सभेत आणखी एक सांगितलं होतं. परीक्षेच्या हॉलमध्ये मोबाईल न्यायचा नाही, आणि हल्ली मोबाईलसारखी हातात बांधायची घड्याळं निघालीत तीही नाहीत. काट्याचं साधं घड्याळ चालेल, आणि ते प्रत्येकाने आणावं, कारण सगळ्याच वर्गांत भिंतीवर घड्याळ असेल असं नाही. घड्याळाचं ठरलं ते असं. वाढदिवस नाही, काही नाही, नुसती गरज.

पहिल्यांदा मी तुझंच पुढे केलं. तू मला घेतलेलं, चावीचं. अजून चालतं ते, रोज सकाळी दात घासून झाले की मी त्याला चावी देतो. तिने हातात बांधून बघितलं, मनगटावर दोन्हीकडून बाहेर डोकावत होतं. तिने काचेवर बोट फिरवलं, आणि मला बरं वाटावं म्हणून थोडा वेळ तसंच राहू दिलं. मग म्हणाली, हे मागे पडतं ना? पडतं. संध्याकाळपर्यंत चार-पाच मिनिटं खातं, हे सगळ्या घराला माहीत आहे. मी ते काढून पुन्हा माझ्या हातात बांधलं. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. मला वाटलं होतं ती खूश होईल.

तुला ते घड्याळ घेतानाचं आठवत असेल. पण त्याच्या आधीचं आठवतं का? माझी दहावी. परीक्षेचं केंद्र पारनेरला आणि आपल्या फाट्यावरून सकाळची ती एकच एसटी. भिंतीवर दूध संस्थेने दिवाळीला वाटलेलं घड्याळ, घरातलं पहिलं. तुला त्यातलं फक्त सहा आणि बारा कळायचं. तरी त्या घड्याळावर तुझा केवढा भरवसा. पेपरच्या दिवशी तू चुलीपुढं आहेस, माझ्या डब्यात भाकरी घडी करून घालतेयस, आणि मी घड्याळात बघून सांगतोय की अजून वेळ आहे. आपण फाट्यावर पोचतो तेव्हा एसटीची पाठ दिसते. गाडी त्या दिवशी वेळेच्या आधी आली आणि आधीच गेली. दुधाचा टेम्पो येत होता, त्याच्यापुढं रस्त्यात जाऊन उभी राहिलीस. ड्रायव्हरने ब्रेक दाबून तुला काय काय सुनावलं ते तुझ्या कानावरही गेलं नाही. मी कॅनच्या मधे बसून पारनेरला गेलो, घंटा होऊन गेली होती, सरांनी आत घेतलं. शर्टाला दुधाचा वास येत होता, आणि शेजारच्या बाकावरचा सारखा माझ्याकडे वळून बघत होता.

संध्याकाळी मला वाटलं, आता माझी काही खैर नाही. पण तू रागावलीस ती घड्याळावर. मला पेटीवर चढवून ते खाली उतरवायला लावलंस. "पुढं लाव," म्हणालीस. मी थोडा काटा सरकवला. "आजून पुढं. गाडी लवकर येती, मग ह्यानं बी लवकर यायला नको व्हय?" मी सांगत होतो की आई, अशाने खरी वेळ कळायची नाही. तू म्हणालीस, "खरी येळ घिऊन काय करायचीय आपल्याला? आपल्याला गाडी घावली पायजे." मग कपाळावरची टिकली काढून घड्याळाच्या काचेवर एका जागी चिकटवलीस. मोठा काटा टिकलीखाली आला की पोरानं घराबाहेर पडायचं, संपलं. त्यानंतर माझी एकही गाडी चुकली नाही. तुला वेळ सांगता येत नव्हती पण वेळेवर तू मला कायम हाकललंस.

आणि पास झाल्यावर नगरच्या कापडबाजारातलं ते दुकान. तू तिथे घड्याळ घ्यायला नव्हे, बाजारात बोकड घ्यायला गेल्यासारखी उभी होतीस. प्रत्येक घड्याळ कानाला लावायचं, तळहातावर जोखायचं, उलटं करून नखाने खरवडायचं. दुकानदार बिचारा भला माणूस, त्याने पाण्याचा पेला पुढे केला आणि म्हणाला, मावशी, हे घ्या, हे पाण्यात पडलं तरी काही होत नाही. तू लगेच ते त्याच्याच पेल्यात सोडलंस. तो उठून उभा राहिला. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. तू शांतपणे पेल्यात बघत होतीस, काटा फिरतोय का ते. फिरत होता. मग पदराला पुसलंस आणि म्हणालीस, द्या हेच. घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी काचेच्या आतून धुकं धरलं, ते तू चार दिवस बाजरीच्या कणगीत खुपसून ठेवलंस. धुकं गेलं. "पानी पिऊन बी जगलंय त्ये, आता मरत न्हाई," म्हणालीस, आणि ते खरं ठरलं.

आता मी सुप्याच्या कंपनीत बाहेरून आलेला माल तपासायला असतो हे तुला माहीतच आहे. त्यामुळे मला वाटलं होतं की आपण घड्याळ बघून घेऊ, त्यात काय. पण ती माझ्याआधी तयारीला लागली होती. आठवडाभर मोबाईलवर बघत होती. तिच्या मैत्रिणीकडे ते मोबाईलवालं आहे, पावलं मोजणारं, तसंच हिलाही हवं होतं, ते मी सरळ नाही म्हटलं. मग तिने गुलाबी सोनेरी रंगाचं एक दाखवलं, त्यावर आकडेच नव्हते, चारच ठिपके. मी म्हटलं, यात वेळ बघायची की रांगोळी? ती हसली नाही, पण ते यादीतून गेलं. शेवटी आमचं असं ठरलं की बाराही आकडे पाहिजेत, मोठे, एका नजरेत दिसणारे. सेकंदाचा काटा पाहिजे, पण त्याची टिकटिक हॉलमध्ये ऐकू येता कामा नये. मागचं झाकण स्टीलचं, नुसता मुलामा नको, कारण तिच्या हाताला घाम येतो आणि मुलामा महिनाभरात उडतो. सेल संपला तर सुप्यातच बदलून मिळाला पाहिजे. आणि ठरवलेल्या पैशांच्या वर जायचं नाही, हे तिनेच मला दोनदा बजावलं, जसं काही मीच उधळा आहे.

रविवारी आम्ही दोघंच नगरला गेलो. ते जुनं दुकान आता राहिलं नाही, तिथे मोबाईलची कव्हरं मिळतात. पहिल्या दुकानात माणसाने एक भलंमोठं चकचकीत घड्याळ काढलं, बड्या नावाचं, निम्म्याहून कमी भावात. मी उलटं केलं तर मागची अक्षरं वाकडी कोरलेली. आमच्याकडे असा माल आला तर मी सही करत नाही. बाहेर पडलो. दुसऱ्या दुकानात एक पोक्त माणूस बसला होता, त्याने ट्रेमागून ट्रे काढले. ती एकेक हातात घालून मनगट फिरवून बघत होती, आणि माझ्या लक्षात आलं की ती घड्याळ बघत नाही, हात कसा दिसतो ते बघते. बघू दे म्हटलं. हातात आवडलं नाही तर पेटीत पडून राहील, मग स्टीलचं झाकण असून काय उपयोग. पांढऱ्या तबकडीचं, काळ्या आकड्यांचं, निळ्या पट्ट्याचं एक तिने दुसऱ्यांदा उचललं. मी ते तिच्या हातातून घेतलं आणि कानाला लावलं. अगदी तुझ्यासारखं. ती लाजून इकडेतिकडे बघायला लागली, आणि दुकानदार म्हणाला, साहेब, सेलचं आहे ते, काय ऐकू येणार. खरंच काही ऐकू आलं नाही. तेच तर पाहिजे होतं. पाण्याचं विचारलं तर म्हणाला, हात धुताना चालेल, पोहायला चालणार नाही. त्याच्या टेबलावर पाण्याची बाटली होती. आई, मी बाटलीकडे बघितलं, पण तुझ्याएवढी छाती माझी नाही.

पैसे दिले. वॉरंटीचं कार्ड भरून होईपर्यंत दुकानदाराने घड्याळ माझ्याकडे दिलं, म्हणाला वेळ लावून घ्या. मी बारीक चावी बाहेर ओढली, मोबाईलमध्ये बघून काटे जुळवले, आणि मग बोटाने आपोआप मोठा काटा आणखी दहा मिनिटं पुढे सरकवला. मी हे मुद्दाम केलं नाही. आपल्या घरात कुठलंही घड्याळ तसंच लावतात. तू गेल्यावरही ते तसंच चालू राहिलं. स्वयंपाकघरातलं वीस मिनिटं पुढे, कारण तुझ्या सुनेला डबे करायचे असतात. बाहेरच्या खोलीतलं दहा, माझी कंपनीची बस चुकू नये म्हणून. झोपायच्या खोलीतलं किती पुढे आहे ते बहुतेक देवालाच माहीत. तुझी सून श्रीरामपूरची, रेल्वेच्या गावात वाढलेली, ती नवी नवरी होती तेव्हा तिला वाटलं होतं आपण सगळे वेडे आहोत. मग तीही शिकली. पाहुणे गोंधळतात, आम्ही नाही. घड्याळात बघायचं, मनातल्या मनात वजा करायचं आणि पुन्हा पाय पसरून बसायचं.

"पप्पा, ते मागे घ्या," ती म्हणाली.

मी म्हटलं, असू दे की, दहाच मिनिटं तर आहेत, तुला उपयोगच होईल.

तिने घड्याळ माझ्या हातातून घेतलं. "नाही होणार. प्रिलिमला मी भिंतीवरच्या घड्याळात बघत होते ना, तेव्हा दहा मिनिटं वजा करत होते. मला माहितीये शाळेतलं घड्याळ बरोबर असतं. पण लिहिताना डोकं आपोआप वजा करतं. वाटतं, आहे अजून वेळ. आपल्या घरी नेहमी असतोच." मग काटे फिरवता फिरवता, माझ्याकडे न बघता म्हणाली, "मला खरी वेळ पाहिजे."

दुकानदार कार्ड भरायचा थांबला होता. आठ दिवस आम्ही दोघं तिला रेंगाळते, लक्ष नसतं, मोबाईल बघून बघून मेंदू सुस्तावलाय म्हणून झोडत होतो. ती मंद नव्हती, आई. आपल्या घरात शिकवलेलं तिने तिथे बरोबर केलं होतं. आधी का नाही सांगितलं, असं मी बसमध्ये विचारलं, तर म्हणाली, तुम्ही हसला असता. हसलो असतो बहुतेक. तिने नवीन घड्याळाचा हात खिडकीच्या गजावर ठेवला होता आणि मधूनमधून त्याच्याकडे बघत होती. सुपा येईपर्यंत मला तुझी फार आठवण येत होती, आणि तुझा थोडा रागही येत होता. लगेच सांगतो, राग टिकला नाही. टेम्पोपुढं उभी राहिलेली तू डोळ्यांसमोर आलीस की तो टिकत नाही.

त्या संध्याकाळी घरातली सगळी घड्याळं मी खाली उतरवून बरोबर केली. तुझी सून कंबरेवर हात ठेवून बघत होती, म्हणाली, आता कळेल तुम्हाला. दुसऱ्याच दिवशी कळलं. मी सवयीने घड्याळात बघितलं, दहा मिनिटं वजा केली, चहा आणखी अर्धा कप घेतला आणि रस्त्यावर गेलो तर कंपनीची बस निघून गेलेली. मागून मोटरसायकल काढली, उशिराची नोंद लागली ती लागलीच. पोरीचा एक डबा अर्धा भरून गेला. दोन दिवस घरात सगळ्यांची नुसती पळापळ. तिसऱ्या दिवशी तुझी सून म्हणाली, निदान स्वयंपाकघरातलं तरी पुढं करू द्या. मी म्हटलं, परीक्षा होईपर्यंत नाही. ती भाकरी जोरात थापायला लागली. दूध संस्थेचं ते जुनं घड्याळ अजून स्वयंपाकघरातच आहे, मशीन दोनदा बदललंय. काचेवरची तुझी टिकली पार पांढरी पडलीय, पण चिकटून आहे. पुसताना मी तिच्या कडेकडेने फडका फिरवतो.

काल भूमितीचा पेपर झाला. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून केंद्राच्या फाटकापाशी उभा होतो. बाहेर पालकांची गर्दी, उन्हं चढलेली, कलिंगडवाला, उसाच्या रसाची गाडी. आतली घंटा ऐकू आली तेव्हा मी गर्दीतून वाट काढत फाटकाला जाऊन चिकटलो. पोरं बाहेर यायला लागली, काही ओरडत, काही रडवेली. ती बऱ्याच मागून आली, मैत्रिणीशी बोलत. मला बघितल्यावर लांबूनच अंगठा दाखवला नाही की काही नाही, सावकाश चालत आली. मी विचारलं, झाला? म्हणाली, झाला. शेवटचा पण. एका आकृतीत गडबड वाटतेय, पण लिहिलं सगळं, वर तपासायला वेळ पण उरला. मग रस पिताना पेला खाली ठेवून म्हणाली, "पप्पा, मी स्लो नाहीये." मी म्हटलं, नाहीस. आणि रसवाल्याला आणखी एक पेला भरायला सांगितलं.

निघताना तिने सहज विचारलं, तुमच्या घड्याळात किती वाजले? मी मनगट माझ्याकडे वळवलं, तुझ्या घड्याळात बघितलं आणि वेळ सांगितली. तिने आपल्या घड्याळाशी ताडून बघितली आणि मान हलवली. बरोबर होती.

हा कागद कुठे टाकायचा नाही, पाठवायचाही नाही. तू विजेची बिलं घड्याळामागं खोचायचीस, तिथेच खोचून ठेवतो. पोरीला मी सांगितलंय की घरातली सगळी घड्याळं आता बरोबर आहेत. काल तिला वेळ सांगताना मी पुढची मिनिटं मनातल्या मनात वजा करून सांगितली. तुझं घड्याळ मी अजून पुढंच लावतो, आई. मागं पडतं म्हणून लावतो असं म्हणता येईल, पण ते कारण नाही. ते बरोबर लावायला माझा हात होत नाही.